सहा छेद बारा

गणितात मी इतका हुशार होतो, की मी वर्गात शिरलो की फळा स्वतःच खडू शोधायला लागायचा. हे मीच सांगतोय, तेव्हा निम्मं तरी खरं धरायला हरकत नाही. पुढे कुडाळच्या एका सरकारी कचेरीत मी उभं आयुष्य आकड्यांवर राज्य केलं. माझी बेरीज बघायला म्हणे फोंडाघाटाहून माणसं एसटी करून यायची. त्यामुळे माझ्या बायकोनं सेहेचाळिसाव्या वर्षी मुक्त शाळेच्या आठवीच्या परीक्षेला बसायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त छाती फुगली ती माझी. शर्टाचं बटण तुटून समोरच्या माडावर बसलेला कावळा उडाला. शिकवणारा घरचाच, फुकटचा आणि एवढा विद्वान. आणखी काय पाहिजे?

बायको मालवणच्या किनाऱ्यावरची. सातवी झाली आणि तिची आई अंथरुणाला खिळली. घर बघायला ही राहिली, शाळा तिथेच सुटली. मग लग्न होऊन आमच्याकडे आली, वालावलच्या पलीकडे, खाडीच्या काठच्या आमच्या देवळाच्या गावात. भातशेती, काजूची बाग, गुरं, पाहुणे, दोन मुलं आणि या सगळ्यांहून अवघड असा मी, एवढा संसार तिनं ओढला. मुलं शिकून नोकरीला बाहेर पडली. त्यानंतर एका दुपारी काजू फोडता फोडता तिनं जाहीर केलं, "माका आठवी पास होवची आसा. मगे दहावीक बसतलंय."

खळ्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या अंगणाच्या, पलीकडे माझ्या थोरल्या भावाचं घर. वहिनीला खाडीपलीकडच्या गावात कुजबुजलेलंही ऐकू येतं. हे तर हाकेच्या आत. ती लगेच दारात.

"आता चष्मो लावन शाळेत जातलंस? नातवंडां होवच्या वयात? बरा झाला गो, आजयेक आणि नातवाक एकच दप्तर पुरात!"

"पुरला तर बराच झाला," बायको म्हणाली. "पण जाऊबाय, आयकान ठेवा. ह्या खेपेक पास झालंय तर पुढे शिकतलंय. नाय झालंय तर पुस्तकां रद्दीत. परत शाळेचा नाव काडूचंय नाय."

हे मी हसण्यावारी नेलं नाही. कारण माझ्या बायकोचा शब्द म्हणजे जांभ्या दगडातली पायरी, एकदा बसली की बसली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझ्या एका मावशीनं तिच्या सोलकढीला नाव ठेवलं. "तुमका परत सोलकढी वाढूचंय नाय," एवढंच ती म्हणाली. मावशी पुढे कितीतरी वेळा आली, कितीतरी वेळा कढीकडे बघून आवंढा गिळला, आणि दर वेळी ताक पिऊन गेली. तेव्हा रद्दी म्हणजे रद्दी. जे काय व्हायचं ते या एका परीक्षेत.

सुरुवात झकास झाली. इतिहास तिला असा पाठ झाला, की सगळे राजे आमच्याच आळीत राहत होते आणि त्यांच्या घरातली भांडणं तिनं कुंपणावरून ऐकली होती असं वाटावं. विज्ञानात तर ती पुस्तकाच्याच चुका काढायला लागली. झाडांच्या धड्यात काजूचं नाव नाही म्हणजे काय? गणितातही बेरीज, गुणाकार, टक्केवारी, सगळं तोंडी. घोडं अडलं ते एकाच जागी. अपूर्णांकांत. आणि अपूर्णांकांतही कुठल्या? ज्याला मी आजवर गणितसुद्धा मानलं नव्हतं त्यात. समच्छेद अपूर्णांकांची वजाबाकी! दोन्ही अपूर्णांकांचा खालचा आकडा, म्हणजे छेद, एकच असतो. वरच्यातून वरचा वजा करायचा, खालचा तसाच खाली लिहायचा. संपलं. माणूस घोरता घोरता कूस बदलताना करील.

दर रविवारी कुडाळच्या एका शाळेत या वयस्क विद्यार्थ्यांचा वर्ग भरायचा. शिकवायला एक तरुण बाई होत्या, घाटावरच्या, कोल्हापूरकडच्या. विद्यार्थ्यांत दोन-तीन नव्या सुना, एक रिक्षावाला आणि आमची ही. नवऱ्यांना आत प्रवेश नव्हता, पण खिडकीनं माझ्या कानांना काही मनाई केली नव्हती. मी बाहेरच्या पायरीवर बसायचो.

त्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं: ११/१२ − ५/१२. आणि नेमकं हिलाच बोलावलं. ही उठली, पदर खोचला, खडू घेतला आणि उत्तर लिहिलं ते अशा ठसक्यात, की फळा भिंतीवर हलला. ६/७.

मग रिक्षावाला म्हणाला, "मावशी, अकरातसून पाच काडल्यार पण टाकी इतकी भरलेली रवता? माझ्या पंपवाल्याक जरा सांगशात?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्या म्हणाल्या, "मावशी, वरचे सहा बरोबर. पण खालचा बारा तसाच ठेवायचा."

"कित्याक?" बायकोनं विचारलं.

"समच्छेद आहेत म्हणून."

"ता झाला नाव. माका कित्याक ता सांगा."

तेवढ्यात तास संपला. येताना एसटीत ही खिडकीबाहेर बघत बसली. एरवी कंडक्टरच्या घरची खुशाली विचारल्याशिवाय तिकीट न घेणारी बाई. त्या दिवशी तिकीट मी काढलं.

घरी आल्यावर मी सूत्रं हातात घेतली. म्हटलं, बाई पुस्तकातून शिकवतात, आपण जेवणातून शिकवू. मालवणी माणसाला जे पोटातून कळत नाही ते डोक्यातून काय कळणार? दुसऱ्या दिवशी सकाळी घावणे चालले होते. मी एक घावणा ताटात घेऊन त्याचे आठ सारखे तुकडे केले. हा घावणा मी असा कापला, की सोनारानं येऊन हात जोडावेत.

"बघ हां," मी म्हटलं. "एकेक तुकडा म्हणजे एक छेद आठ. यातला एक मांजराला टाकला. उरले सात छेद आठ. आता मी तीन खातो." खाल्ले. चटणी उत्तम होती. "आता सांग, किती उरले?"

तिनं माझ्या ताटात गरम घावणा टाकला.

"अगो! किती उरले?"

"उरतले कशे? आता घातलंय मा."

"घालू नको! मी वजाबाकी करतोय!"

"तुमी करा वजाबाकी. जेवत्या माणसाचा ताट रिकामी होताना बघत रवाचा, असा माझ्या आवशीन माका शिकवूक नाय."

मी परत कापला, परत तीन खाल्ले, परत घावणा आला. आमच्या भागात जेवणाऱ्याच्या ताटावर वजाबाकी चालतच नाही, हे मला त्या सकाळी शास्त्रशुद्ध समजलं. मी किती खाल्ले ते सांगत नाही. एवढंच सांगतो, की मला पाटावरून उठवायला थोरला भाऊ आणि त्याचा गडी दोघांना यावं लागलं, आणि पाट माझ्याबरोबरच उठला.

दुपारी मी आडवा पडलेलो असताना ती उशाशी येऊन बसली.

"तुमका एक विचारू? तुमी रापण बघलास मा?"

रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं. होडीनं ते समुद्रात अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरच्या माणसांनी ओढायचे. जो दोराला हात लावील त्याच्या पदरात मासळी पडते, मग तो कुणी का असेना. ही लहानपणी शाळा सुटली की धावत जाऊन दोर धरायची आणि परकराच्या ओच्यातून तारल्या घेऊन घरी यायची.

"समजा," ती म्हणाली, "बारा जणांनी दोर धरलो. जाळा किनाऱ्याक लागूच्या आदी पाच जण कट्टाळान गेले. मगे वाळूर वाटे किती पडतले?"

"सात."

"बारा कित्याक नाय?"

"जे गेले त्यांना कसला वाटा?"

"बघा!" तिनं माझ्या पोटावर थाप मारली. त्या पोटावर, त्या दिवशी! "पाच गेले तर वरसून पण गेले आणि खालसून पण गेले. अकराचे रवले सहा, बाराचे रवले सात. सहा छेद सात. ह्यात माझा चुकला खंय ता सांगा."

मी तोंड उघडलं. खाडीला भरती आली, ओहोटी लागली, तरी माझं तोंड उघडंच. तिचं उत्तर चूक होतं हे मला माहीत होतं, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं हेही दिसत होतं. मालवणच्या वाळूवर वाढलेल्या कुठल्याही पोरीनं हेच उत्तर दिलं असतं. शेवटी मी पुस्तकाच्या पाठीमागे लपलो. "पुस्तकात तसं लिहिलंय," मी म्हटलं.

"पुस्तक लिवणारो रापणीर गेल्लो खंय?"

पुढच्या रविवारी सराव परीक्षा झाली. या एका प्रकाराची जेवढी गणितं होती तेवढी तिची चुकली, आणि प्रत्येक ठिकाणी खालचा आकडा रापणीच्या हिशेबानं आलेला. घरी आल्यावर तिनं सगळी पुस्तकं एकावर एक रचली, सुंभानं करकचून बांधली आणि पडवीच्या कोपऱ्यात ठेवली.

"परीक्षा अजून व्हायची आहे," मी म्हटलं.

"बसान काय करू? जा कळणा नाय ता पाठ करून लिवचा? तसा पास होवचा नाय माका. रद्दीवालो इलो काय तेका दिया."

वहिनीनं पडवीतला गठ्ठा बघितला. मी टोमण्याची वाट बघत उभा राहिलो. ती काही न बोलता आत गेली. तेव्हा मला खरी भीती वाटली.

त्याच आठवड्यात देवळात मार्गशीर्षातला वाट्याचा दिवस आला. आमच्या गावात ही जुनी रीत आहे. देवासाठी एका मोठ्या परातीत खांटोळी करतात. तांदळाच्या रव्याची, गूळ-खोबरं घालून शिजवलेली वडी म्हणजे खांटोळी. पण ती परात एवढी, की गावातल्या पोरानं पोहायला शिकावं. देवळाचा म्हातारा गुरव सुरी घेऊन तिचे बारा सारखे वाटे करतो आणि केळीच्या बारा पानांवर मांडतो. पहिलं पान देवाचं. बाकीची अकरा गावातल्या अकरा मानकरी घरांची. आमचं घर त्यांतलंच एक.

पण अकराही घरं आता गावात असतात कुठे? त्या वर्षी फक्त पाच घरांची माणसं हजर होती. बाकीच्यांतले कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, एक घर आंबोलीला लग्नाला गेलेलं, आणि एका घरचे काका माडावरून पडून दवाखान्यात. देवाचं पान देवापुढे सरकवून झालं. मग पाच घरांनी आपापलं पान उचललं. आमचं पान बायकोच्या हातात. खाली जमिनीवर उरली सात पानं. एक देवाचं, सहा न आलेल्यांची.

तेव्हा माझा एक चुलतभाऊ पुढे सरसावला. तो मुंबईहून आला होता आणि त्याच्या इमारतीच्या सोसायटीचा चिटणीस होता. म्हणजे जगात कुठेही चार माणसं उभी दिसली की तो त्यांची सभा भरवायचा. तो गुरवाला म्हणाला, "काका, जे आले नाहीत त्यांचे तुकडे वाया कशाला घालवायचे? सगळं परत एकत्र करा आणि जेवढे हजर आहेत तेवढ्यांत सारखं कापा. सोपा हिशेब."

मी बायकोकडे बघितलं. तिची मान हळूहळू हलत होती. बरोबर! रापणीचा हिशेब! तिच्या बाजूनं बोलणारा अखेर कोणीतरी मिळाला होता.

गुरव खाली बसला होता तो उठला. त्याचं वय नक्की कोणाला ठाऊक नाही. माझ्या मते देऊळ नंतर बांधलं.

"एकदा सुरी फिरली ती फिरली," तो म्हणाला. "आता परत कापूचा नाय."

"अहो, पण पाच घरं आपला वाटा घेऊन मोकळी झाली ना?"

"झाली. मगे?"

"मग उरली सात पानं. आता बारा कुठे राहिले?"

गुरवानं उरलेल्यातलं एक पान उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. "ह्यो बारावो वाटो. ती पाच घरां घेवन गेली म्हणान ह्यो वाढलो काय रे? आसा होतो तितकोच आसा मा? उद्या सगळी घरां इली आणि आपापला घेवन गेली आणि ह्या एकच पान रवला, तरी ह्यो बारावोच वाटो."

चुलतभाऊ सभा तहकूब करून मागे सरला. पण माझं लक्ष बायकोकडे. ती एकदा हातातल्या वाट्याकडे बघायची, एकदा जमिनीवरच्या पानांकडे. मग हातातलं पान तिनं जमिनीवरच्या एका पानाशेजारी नेऊन ठेवलं. दोन्ही वाटे सारखे. एका तसूनं कमी नाही, एका तसूनं जास्त नाही.

"अवो," ती माझ्या कानात म्हणाली, "रापणीत आदी माणसां मोजतत आणि मगे वाटे पाडतत."

"हो."

"हय आदी वाटे पाडले. माणसां मागसून गेली."

"हो!"

"म्हणजे खालचो आकडो माणसांचो न्हयच! तो सुरयेचो!"

मी काही बोलायच्या आत गुरवानं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे असं देवाला गाऱ्हाणं घालतात, तेव्हा प्रत्येक मागणीनंतर जमलेले सगळे एका आवाजात "होय म्हाराजा" म्हणतात. ही सवय एवढी अंगात भिनलेली असते, की गाऱ्हाण्यात नुसता खोकला जरी आला तरी गाव होय म्हणून मोकळा होतो.

"बा देवा म्हाराजा," गुरवाचा आवाज देवळाच्या कौलांपर्यंत गेला, "जे आज हय इले तेंका बरे ठेव."

"होय म्हाराजा!"

"जे येवक पावले नाय, तेंचो वाटो तुझ्या पायाकडे राखून ठेवलो आसा..."

इथे त्यानं श्वास घेतला. म्हाताऱ्या माणसाचा श्वास, जरा लांबच. आणि त्या शांततेत, सात पानांकडे बोट दाखवत, देवाचं एक सोडून बाकीची मोजून, माझी बायको मोठ्यानं म्हणाली:

"सहा छेद बारा!"

"होऽऽय म्हाराजा!" अख्ख्या देवळानं साथ दिली.

इतक्या माणसांनी एकमुखानं मान्य केलेलं गणिताचं उत्तर मी जगात दुसरं ऐकलेलं नाही. घुमटावरचं कबूतर उडालं. चुलतभावानं टाळ्या वाजवल्या, का ते त्यालाही कळलं नाही. गुरवानं हिच्याकडे रोखून बघितलं. मला वाटलं, आता हिची खरडपट्टी. पण तो म्हणाला, "बरोबर बोलल्यान ती. सहा घरांचे सहा वाटे," आणि पुढचं गाऱ्हाणं चालू केलं.

घरी येताना ती चालत नव्हती, उडत होती. मला तिच्या मागून पळावं लागलं. पडवीत शिरताच कोयत्यानं सुंभ तोडलं. पुस्तक उघडलं आणि त्या प्रकरणातली गणितं सोडवायला लागली. सात छेद नऊ वजा दोन छेद नऊ. पाच छेद नऊ. खालचा नऊ जागचा हलला नाही. तेरा छेद वीस वजा चार छेद वीस. नऊ छेद वीस. चूल पेटली नाही, गुरं हंबरायला लागली, मी भुकेला, आणि ही मात्र एकेक गणित असं उडवत होती, की जुन्या काळात वाघ मारणारे शिकारीसुद्धा इतक्या समाधानानं कधी हसले नसतील.

पुढच्या रविवारी तिनं वर्गात हात वर केला. मी पायरीवर, कान खिडकीला.

"बाई, ता त्या दिवशीचा गणित माका परत फळ्यार लिवा."

बाईंनी लिहिलं. हिनं उत्तर मांडलं: ६/१२. मग शेजारी बारा पानांची चित्रं काढली, आणि प्रत्येक पानावर एक चौकोनी वाटा.

"आता का ते सांगाल?" बाई म्हणाल्या.

"सांगतंय. खालचो बारा म्हणजे किती जण आसत ता न्हय. कापताना किती तुकडे केले ता. त्यातसून एक तुकडो केदो मोठो ता समाजता. पाच जण तुकडे घेवन गेले तरी रवलेले तुकडे मोठे होणत नाय. मगे खालचो आकडो बदलतलो कशाक?"

रिक्षावाला मागच्या बाकावरून म्हणाला, "मगे मावशी, तुमच्या रापणीचा गणित चुकीचा?"

"अजिबात नाय रे! थय कापूच्या आदी माणसां जातत. हय कापल्यार जातत. थयसर वाटो नवो पडता, हय जुनोच रवता. दोन येगळी गणितां ती. तू काय टाकीत पेट्रोल घालतंस तेवा टाकी कापतंस?"

या वेळी वर्ग हसला तो रिक्षावाल्याला. तोही हसला. बाई खूश झाल्या, पण घाटावरच्या माणसाची एक खोड असते. सरळ शाबासकी दिली तर त्याला घाट उतरल्यासारखं वाटतं. त्या म्हणाल्या, "मावशी, सहा छेद बारा म्हणजे अर्धाच की. एक छेद दोन असंही लिहिता येईल."

"येयत," ही म्हणाली. "खांटोळी अर्धी रवली म्हणाक बरा. पण वाटूक गेल्यार सहा घरांका सहा पानां लागतली. म्हणान माका बाराच बरे."

बाईंनी ६/१२ भोवती खडूनं गोल काढला. मग म्हणाल्या, "दोन्ही बरोबर. पण तुमचं जास्त बरोबर." आणि मला पायरीवर असं वाटलं, की कुडाळची सगळी दुकानं आता अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतील.

परीक्षा उन्हाळ्यात झाली, आंबे उतरवायच्या ऐन दिवसांत. केंद्राच्या फाटकाबाहेर मी एका आंब्याच्या पेटीवर बसून राहिलो, आणि घामानं अशी अंघोळ झाली की दोनदा मला लोकांनी खाडीतून आलो का म्हणून विचारलं. गणिताचा पेपर सुटला तशी ती बाहेर आली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "पाण्याच्या टाकयेचा होता. सात छेद आठ भरलेली, तीन छेद आठ पाणी काडला. रवला चार छेद आठ." एवढं बोलून ती शहाळंवाल्याकडे वळली. म्हणजे तिच्या लेखी विषय संपला होता. माझ्या लेखी निकाल लागेपर्यंत काहीच संपत नव्हतं. तोवर रद्दीवाला दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा मी त्याला दुसऱ्या वाटेनं पाठवलं.

निकाल बाईंच्या मोबाईलवर आला. वर्गात सगळे जमले होते, आणि त्या दिवशी नवऱ्यांनाही आत घेतलं. बाईंनी नाव वाचलं, सगळ्या विषयांत पास, आणि गणितात शंभरपैकी बावन्न. बावन्न! मी ओरडलो तो आवाज वेंगुर्ल्याच्या दीपस्तंभापर्यंत गेला असणार. बायको बाकावर शांत बसली होती. मग तिनं डोळे पदरानं टिपले, आणि उठून बाईंच्या हातात काजूची पिशवी दिली.

तिथून घरापर्यंतची वाट माझी. कुडाळच्या स्टँडवर ओळखीचा चहावाला भेटला, त्याला मी सांगितलं, "गणितात साठ पडले!" एसटीच्या कंडक्टरला म्हटलं, "सत्तरच्या वर." तिठ्यावर उतरलो तोवर गुण आपोआप ऐंशीच्या घरात पोचले होते, मी काही केलं नाही, उन्हाळ्याचे दिवस, वस्तू फुगतात. आणि खळ्यात पाय ठेवताच वहिनी दारात उभी दिसली. एवढी संधी कोण सोडतो?

"वहिनी! पास! आणि गणितात शंभरपैकी नव्वद!"

वहिनीचे डोळे मोठे झाले. तिनं पुढे येऊन माझ्या बायकोचा हात हातात घेतला. "नव्वद? खरा गो?"

"बावन्न," बायको म्हणाली.

"भावजी तर नव्वद म्हणतत!"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. ओठ जरा हलले, बोटं पदरात जरा वाकली. मग अख्ख्या खळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं हिशेब मांडला. "नव्वद छेद शंभर वजा बावन्न छेद शंभर. म्हणजे ह्येनी अडतीस छेद शंभर खोटा सांगल्यानी."

"आणि खालचा शंभर?" मी म्हटलं. "तो तसाच ठेवलास ना?"

"तसोच," ती म्हणाली. "तुमचा तोंड तरी खंय बदलतला?" आणि दहावीच्या पुस्तकांना पडवीत जागा करायला आत गेली.